युद्ध तिकडे, भाव इकडे: आपल्या मताची पोच कुठवर?

राळेगावकर (धागाकर्ता)

राजेहो, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतो आहे. लांबलचक लिहितोय. सवडीने वाचा, पण वाचा.

2025 च्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, पात्या-फुलांवर होती. पाऊस उघडीप देत नव्हता, डवरे घरी उभे होते. त्याच आठवड्यात, 19 ऑगस्टपासून, केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. सुरुवातीला मुदत होती 30 सप्टेंबर. महिना संपायच्या आत ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. सीतादही (वेचणीआधीची पूजा) करून आपण वेचणीला लागतो तेव्हापासून दुसऱ्या वेच्याचा कापूस गाडीत भरेपर्यंतचा सगळा काळ त्यात आला.

असं काहून झालं म्हणून मी एकेक पायरी मागे जात गेलो. 27 ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातलं अर्धं, म्हणजे 25 टक्के, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. रशियाचं तेल आपल्याला स्वस्तात मिळायला लागलं ते फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर, पश्चिमेची गिऱ्हाइकं तुटली म्हणून. आता अमेरिकेचं गिऱ्हाईक तुटणार तर तिरुपूरच्या कपडा कारखानदारांना काहीतरी दिलासा पाहिजे. तो त्यांना स्वस्त रुईत मिळाला. त्याची किंमत इकडे मोजली गेली. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये, आणि खाजगी व्यापारी त्याच्या किती खाली मागत होता ते यार्डात गाडी लावून बसलेल्या माणसाला विचारा. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाकडे, जायचं तर मोबाईलवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणा. त्या पावसात कापूस सुकवायला अंगण तरी कोरडं होतं का?

युक्रेनच्या खंदकापासून माझ्या वावराच्या धुऱ्यापर्यंत ही साखळी येते, आणि तिच्या एकाही कडीवर मला कोणी विचारलेलं नाही. माझ्या खासदारानं यावर मत दिलं का? नाही. जिल्हा परिषदेत बोलायला माझा सदस्य आहे का? मार्च 2022 मध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक बसला. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 ला सांगितलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या, चार महिने उलटले तरी आमच्याकडे पत्ता नव्हता.

मी दरवेळी मतदान करतो. आई 80 च्या पुढची आहे, तीही रांगेत उभी राहते. माझा प्रश्न साधा आहे: जगाचा बाजार आणि जगाची युद्धं आपला भाव ठरवणार असतील, तर आपलं मत त्या निर्णयापर्यंत पोचवायची वाट कोणती? की अशी वाट आता उरलीच नाही?

—

लाल बिल्ला

भाऊ, तुमचं लिहिणं पोटतिडकीचं हाये, पण मी दुसऱ्या अंगानं सांगतो. मी 1980 च्या दशकापासून शेतकरी संघटनेत हावो. 1972 मधे महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. ते कोण आनली? आपनच निवडून देल्लेल्या सरकारनं. तीस वर्षांच्या आसपास ते चालली. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी आमाले कापूस तिकडे नेता येत नव्हता. रात्री बैलगाडीवर कापूस घालून हद्द ओलांडाची, नाक्यावर पकडले गेले का गाडीसगट जप्त. हे मतपेटीतून आलेलं राज्य व्हतं, जागतिकीकरणाचा तवा पत्ताही नव्हता.

म्हनून आमचे नेते शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाच्या, मनजे जगाचा व्यापार खुला कराच्या मसुद्याच्या, बाजूनं उभं राहाची हिंमत केली. सारा देश विरोधात व्हता तवा. ते सांगत, का शेतकऱ्याले परदेशी बाजारानं लुटलं नाही, सरकारनं लुटलं. 2022 मधे कापूस दहा हजारांच्या वर गेला ना? तो जगाच्या बाजारानंच नेला. तवा कोनी मनलं नाही का जगाले आमचा भाव ठरवाचा अधिकार कोनी देला.

माह्यं मनणं येवढंच, का लोकशाही मनजे सरकारच्या हाती जास्त किल्ल्या देणं नव्हे. कास्तकाराले त्याच्या मालाचं मोकळेपन द्या.

—

राळेगावकर

काका, 2022 चं तुम्ही काढलं ते बरं झालं. भाव दहा हजारांवर गेला आणि 14 एप्रिल 2022 पासून हेच 11 टक्के शुल्क माफ झालं. आधी सप्टेंबरपर्यंत, मग ऑक्टोबरपर्यंत. 13 मे ला गव्हाची निर्यात बंद. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन तेजीत असताना 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी, आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद. जगाचा भाव वर जातो तेव्हा निर्यातीचं दार लावतात आणि आयातीचं उघडतात, खाली येतो तेव्हाही आयातीचंच दार उघडतात. तुम्ही म्हणता ते मोकळेपण आपल्याला कधी मिळालं? दाराची कडी कोणाच्या हातात आहे, हेच मी विचारतो आहे.

—

दारव्हा_नागपूर

मी नागपुरात कायद्याचं शिक्षण घेतो, घरी शेती आहे. कडी कोणाच्या हातात, त्याचं उत्तर कागदावर आहे.

सीमाशुल्क कायदा 1962 चं कलम 25 केंद्र सरकारला अधिकार देतं, की जनहितासाठी अधिसूचना काढून कोणत्याही मालावरचं शुल्क पूर्ण किंवा अंशतः माफ करावं. वित्त मंत्रालयातून दोन पानी कागद निघतो. नंतर तो संसदेच्या पटलावर ठेवतात, पण आधी मतदान लागत नाही. ऑगस्टमधली गोष्ट पाहा: पावसाळी अधिवेशन 21 तारखेपर्यंत चालू होतं. म्हणजे सभागृह भरलेलं असताना पहिली माफी आली, आणि अधिवेशन संपल्यावर आठवड्यात मुदतवाढ आली. चर्चा करायची असती तर जागा होती.

दुसरं, आंतरराष्ट्रीय करार. आपल्या घटनेत असा नियम नाही की परदेशाशी केलेला करार संसदेनं मंजूर केल्याशिवाय लागू होणार नाही. करार सरकार करतं. कायद्यात बदल करावा लागला तरच कलम 253 खाली संसदेकडे यावं लागतं. 1994 मध्ये मराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली तीही अशीच. 2019 च्या नोव्हेंबरात आरसेप या आशियाई देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांतून भारत बाहेर पडला, शेतकरी आणि दूधवाल्यांना बरं वाटलं, पण तोही निर्णय सरकारचाच, सभागृहाचा नव्हे. आपल्या फायद्याचा निर्णय असला म्हणून त्याची रीत बरोबर ठरत नाही.

आता समुद्रापलीकडचं. अमेरिकेत कर लावण्याचा अधिकार त्यांच्या संसदेचा. पण हे 50 टक्के लावले ते अध्यक्षांनी 1977 च्या आणीबाणी-अधिकार कायद्याचा आधार घेऊन. तिथल्या दोन न्यायालयांनी, मे आणि ऑगस्ट 2025 मध्ये, या कायद्याखाली असं शुल्क लावणं अधिकाराबाहेरचं आहे असा निकाल दिला, आणि 5 नोव्हेंबरला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. म्हणजे त्या टोकालाही लोकप्रतिनिधींना विचारलं नाही आणि या टोकालाही नाही. जगातल्या दोन मोठ्या लोकशाह्यांच्या मधोमध राळेगावचा कास्तकार उभा आहे आणि दोन्हीकडचे निर्णय एकेका सहीनं झाले. मला ही गोष्ट भावापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

—

फौजीचा_भाऊ_चिखली

माझा मोठा भाऊ सीमेवर आहे. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी लढाई चालली तेव्हा चार रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नाही. एवढंच सांगतो, की लढाई चालू असताना प्रत्येक गोष्टीवर मतदान घेत बसता येत नाही. तिथे एकाचा हुकूम लागतो. देश टिकला तर लोकशाही.

—

खामगाव_मास्तर

चिखलीकर, तुमच्या घरातली ती चार रात्रींची जागरणं मला समजतात. रणांगणावर हुकूमच लागतो, त्यात वाद नाही. पण रणांगण आणि राज्यकारभार या दोन गोष्टी आहेत, आणि इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला आहे.

1962 बघा. 26 ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. चीनचं सैन्य आत आलेलं होतं. त्या वेळी वाजपेयी तरुण खासदार होते, त्यांनी संसदेचं अधिवेशन बोलवा अशी मागणी केली आणि नेहरूंनी ते 8 नोव्हेंबरला बोलावलं. युद्ध चालू असताना सरकारवर सभागृहात कडक टीका झाली. त्यानं देश खचला नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: युद्ध महिनाभरात थांबलं आणि ती आणीबाणी उठली जानेवारी 1968 मध्ये. 1971 च्या डिसेंबरात युद्धासाठी लावलेली आणीबाणी तर 1975 मध्ये चालूच होती, तिच्यावर दुसरी चढवली गेली आणि दोन्ही 1977 ला उठल्या. युद्धासाठी दिलेले अधिकार युद्ध संपल्यावर आपोआप परत येत नाहीत, ते मागून घ्यावे लागतात.

आणि आपल्या वऱ्हाडाला हे नवं नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा इंग्रजांचं लक्ष वऱ्हाडावर गेलं. 1853 च्या तहानं निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार त्यांच्या हाती आलेलाच होता. कापसाला सोन्याचा भाव आला, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण पेरा बदलला तो बदललाच. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आणि कापूस बाजार सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे धावली ती याच कापसाच्या गाठींसाठी. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात कापूस पिकवणाऱ्या याच मुलखात माणसं धान्यावाचून मेली.

यातली एक गोष्ट मी वर्गात पोरांना नेहमी सांगतो. त्याच युद्धात, नोव्हेंबर 1864 मध्ये, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. देश दोन तुकडे झालेला, रोज माणसं मरत होती, तरी लिंकननं निवडणूक पुढे ढकलली नाही. ज्या युद्धानं वऱ्हाडी कास्तकाराचा भाव ठरवला त्याच युद्धात तिकडचा शेतकरी मतदान करत होता. आपल्या पणजोबाच्या हातात तेव्हा कापूस होता, मत नव्हतं. आज आपल्याकडे दोन्ही आहे.

(शाळेतली पोरं विचारतात, युक्रेनमध्ये का निवडणुका नाहीत? तिथं लष्करी कायदा आहे आणि तो असेपर्यंत निवडणूक घेता येत नाही. शहरांवर क्षेपणास्त्रं पडत असताना मतदान केंद्र कुठं लावणार, हाही खरा प्रश्न आहे. सगळीकडे एकच माप लावू नये.)

—

संत्रा_वरूड

कापसाचं चाललंय, पण संत्र्याचं ऐका. आमच्या वरूड-मोर्शीचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये त्यांचं आयात शुल्क किलोला 20 टका होतं, 2023 पर्यंत 88 टका झालं. गाड्या भरायच्या थांबल्या, आंबिया बहाराचा माल स्थानिक बाजारात येऊन पडला, बागेत व्यापारी फिरकेना. लोकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली, ते मी माझ्या शिवारात पाहिलं. 5 ऑगस्ट 2024 ला तिथलं सरकार विद्यार्थ्यांच्या आंदोलनात पडलं. त्यांच्या लोकशाहीचं काय होईल याची काळजी वरूडच्या पानटपरीवर होते, हे कोणाला खरं वाटणार नाही, पण होते. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय यावर आमच्या पोरीचं लग्न या साली होईल की पुढच्या, ते ठरतं.

—

कोंढाळी_नाका

एक बाजू कोणीच मांडली नाही. युद्धावर आपल्या भागातली हजारो घरं चालतात. नागपूरच्या आजूबाजूला बारूदाचे कारखाने आहेत, भंडारा, भद्रावती, अंबाझरीला सरकारी आयुध निर्माणी आहेत, पुलगावला दारूगोळ्याचं भांडार. लहान भाऊ ठेकेदाराच्या हजेरीवर एका कारखान्यात जातो. जगात कुठे युद्ध वाढलं की ऑर्डर वाढते, ओव्हरटाइम लागतो, घरात किराणा भरतो. आणि 17 डिसेंबर 2023 ला बाजारगावला स्फोट झाला तेव्हा नऊ जण गेले, त्यात सहा बाया. आसपासच्या खेड्यांतल्या, शेतीत भागत नाही म्हणून कामाला जाणाऱ्या. पुलगावला 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर आग लागली तेव्हा लोक अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून पळाले.

भाऊ घरी आला की आई आधी त्याचे हात बघते. विचारत काहीच नाही. हा दारूगोळा कोणत्या देशात जातो, कोणावर पडतो, हे त्याला माहीत नाही. कारखाना कुठे व्हावा, वस्तीपासून किती लांब असावा, ठेकेदारीतल्या मजुराच्या सुरक्षेचं काय, यावर आमच्या ग्रामसभेत आजवर एक शब्द झालेला नाही. दिल्ली आणि वॉशिंग्टन लांब आहे, मान्य. कारखाना तर धुऱ्याला लागून आहे.

—

आर्वीची_लेक

कोंढाळीच्या दादांनी ग्रामसभेचं नाव काढलं म्हणून लिहिते. इतका वेळ वाचतच होते.

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. ग्रामसभेला घटनेत जागा आहे. आमच्या गावात ती कशी होते ते सांगते. कोरमला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. सकाळी झेंडावंदनाला आलेले पंधरा-वीस लोक पंचायतीच्या ओट्यावर उभे असतात. उरलेल्या सह्यांसाठी शिपाई रजिस्टर घेऊन दुपारी घरोघरी येतो. बाई चुलीपुढून उठते, ओला हात पदराला पुसते आणि जिथं बोट दाखवलं तिथं अंगठा किंवा सही करते. वरचा ठरावाचा भाग कोरा असतो.

मागच्या वर्षी आम्ही बचत गटातल्या बायांनी ठरवलं, की कोऱ्या पानावर सही नाही. शिपाई बिचारा चार घरं फिरून परत गेला. कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली. सचिव चिडले, सरपंचांनी घरच्या माणसांकरवी निरोप धाडले. एकीला नवऱ्यानं रागावलंही. पण पुढच्या सभेला आधी महिला सभा झाली आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात पहिल्यांदा आम्हाला कळलं, की पाण्याच्या टाकीचे पैसे आले होते आणि खर्चही पडले होते.

तुम्ही सगळे मोठं बोलता, ते ऐकायला मला आवडतं. पण जिथं शंभर माणसांच्या सभेत कोऱ्या पानावर सह्या होतात, तिथल्या लोकांनी संसदेला विचारायचं की तुम्ही न वाचता करार कसा केला? विचारावंच. फक्त आधी आपलं पान भरून.

—

धानोरा_जंगल

ताई, तुम्ही केलं ते फार मोठं आहे.

आमच्याकडे, गडचिरोली जिल्ह्यात, लेखा-मेंढा गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथं नेमकं काय होतं ते बाहेरचे कमी सांगतात. निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. एखाद्या विषयाची माहिती नसेल तर अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, त्याला प्रश्न विचारतो, पण निर्णय जाणकार करत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना जवळपास 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. त्यासाठी पुन्हा भांडावं लागलं, एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

राळेगावकर विचारतात, वाट उरली का. मेंढ्याचा बांबूही शेवटी बाजारातच जातो, भाव बाजारच देतो. पण तोडायचा किती, विकायचा केव्हा, कोणाला, हे गाव ठरवतं. तेवढा भाग त्यांनी आपल्या हातात ओढून आणला. कायदा संसदेनं केला होता, तो आपोआप गावात चालत आला नाही.

—

लाल बिल्ला

हे पटलं. गावाच्या हाती मालाचा निर्णय, हेच तं मी मनतो. आणखी एक जोडतो. ब्राझीलच्या कापसावाल्यांनी अमेरिकेच्या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केस लढली, जिंकली, आणि 2014 मधे तडजोडीत अमेरिकेकडून 30 कोटी डॉलर घेतले. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड हे चार गरीब देश 2003 पासून कापसासाठी भांडून राहिले. आपन कापूस पिकवनाऱ्यांत जगात वरच्या नंबरचे. आपला आवाज काहून नाही? आता तं त्या संघटनेचं अपील ऐकनारं मंडळही डिसेंबर 2019 पासून बंद पडलं हाये. नियम व्हते तवा मोठ्याले नियम दाखवता येत व्हता. नियम गेले का ज्याच्या हाती दांडा त्याचीच म्हैस. जागतिकीकरण वाईट मनता मनता हे राहून गेलं, राजेहो.

—

राळेगावकर

काका, इथं आपण दोघं एका जागी आलो. मोकळा बाजार पाहिजे असेल तरी नियम पाहिजेत, आणि संरक्षण पाहिजे असेल तरी नियम पाहिजेत. शुल्क 11 टक्के ठेवा की शून्य, त्यावर आपण भांडत राहू. पण जे ठेवायचं ते मे महिन्यात सांगा, बियाण्याची पाकिटं घ्यायच्या आधी. पेरणी झाल्यावर हंगामाच्या मधात बदलायचं असेल तर संसदेत चर्चा आणि मतदान घ्या. कृषी कायदे 2020 मध्ये राज्यसभेत आवाजी मतदानानं झाले आणि वर्षभरानं मागे घ्यावे लागले. कायदे कसेही असोत, आधी नीट चर्चा झाली असती तर एवढी माणसं दिल्लीच्या सीमेवर थंडीत बसली नसती.

आर्वीच्या ताईंचं ऐकून मी असं ठरवलं: 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. ग्रामसभेचा ठराव केंद्राला बांधील नाही, हे माहीत आहे. पण तो इतिवृत्तात राहतो, खासदाराकडे पोच घेऊन देता येतो, आणि दहा-वीस गावांतून एकच मजकूर गेला तर त्यांना सभागृहात प्रश्न विचारायला कागद मिळतो. दारव्हा, मसुदा करून देता का? सोप्या भाषेत, वाचून दाखवता येईल असा.

—

दारव्हा_नागपूर

देतो. कच्चा मजकूर हा घ्या:

"ही ग्रामसभा ठराव करते की, कापसावरील आयात शुल्कात करावयाचा कोणताही बदल पेरणीपूर्वी, 31 मे पर्यंत जाहीर करावा. त्यानंतर हंगामात बदल करणे आवश्यक वाटल्यास तो संसदेत चर्चा व मतदान घेऊनच करावा. शेतमालावर परिणाम करणारा परदेशाशी होणारा कोणताही व्यापार करार सही करण्यापूर्वी मराठीसह सर्व भाषांत प्रसिद्ध करून संसदेपुढे ठेवावा. आमच्या जिल्हा परिषदेची व पंचायत समितीची निवडणूक विनाविलंब घ्यावी."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ते राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळ्या प्रतीनं पाठवा.

—

आर्वीची_लेक

'आवश्यक वाटल्यास' कोणाला वाटल्यास, ते लिहा. आमच्या बाया नेमकं तेच विचारतील. आणि महिला सभेत मी आधी वाचते, मग ग्रामसभेत. सह्या वाचून झाल्यावरच.

—

संत्रा_वरूड

आम्ही कापसाच्या जागी संत्रा घालून चालेल का? आमच्याकडे आयात नाही, निर्यातीचं आहे.

—

दारव्हा_नागपूर

ताई, 'केंद्र सरकारला आवश्यक वाटल्यास, कारणे लेखी देऊन' असं करतो. वरूडकर, तुमचं पहिलं वाक्य वेगळं लागेल, शेजारच्या देशाशी शुल्काबाबत बोलणी करून हंगामापूर्वी निर्यातदारांना कळवावं असं. रविवारी रात्री दोन्ही इथेच टाकतो. कोंढाळीकर, कारखान्याच्या अंतराचा आणि ठेकेदारी मजुरांचा विषय यात बसणार नाही, त्याचा स्वतंत्र ठराव करा. गावचा नकाशा आणि कारखान्याची हद्द यांचा फोटो पाठवा, मी मजकूर लिहून देतो.